टाळेबंदी आणि रोजंदार कामगार

'टाळेबंदी' हा शब्द मराठी कामगारवर्गास नवा नव्हता. गिरणीचा किंवा कारखान्याचा मालक दरवाजास टाळे लावून काम बंद पाडी, त्यास टाळेबंदी म्हणत. संप कामगारांचा आणि टाळेबंदी मालकाची, अशी ही जुनी जोडी होय. २०२० साली हाच शब्द सबंध देशाच्या व्यवहारबंदीसाठी रूढ झाला. अर्थ पालटला आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट पालटली. मालकाच्या टाळेबंदीत बुडालेल्या मजुरीचा दावा कोणावर सांगावयाचा, हे कामगारास ठाऊक असे. या दुसऱ्या टाळेबंदीत ते कोणासच नीट ठाऊक नव्हते. श्रमिकांच्या त्या वेळच्या हालअपेष्टांचे एक मोठे मूळ येथे आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून आपले धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्यासाठी तो सर्व प्रकार क्रमाने मांडीत आहोत.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि त्याच मध्यरात्रीपासून २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. मध्ये अवघे चार तास होते. प्रवासी रेल्वेगाड्या त्यापूर्वीच थांबल्या होत्या. रोगाचा प्रसार रोखणे अगत्याचे होते, याविषयी आमचा वाद नाही. परंतु एकच आज्ञा सर्वांवर सारख्या भाराने पडत नाही. मासिक पगारदारास घरी बसणे ही गैरसोय होती; रोजंदारास ती उत्पन्नबंदी होती.

रोजंदारी म्हणजे काय?

रोजंदाराचा संसार दिवसाच्या मापाने चालतो. संध्याकाळी मजुरी हाती आली की पीठ, तेल व मीठ घरात येते. वाण्याची उधारी असते, तीही उद्याच्या मजुरीच्या भरवशावर. मजुरी थांबताच उधारीही थांबते. बांधकामावरील परप्रांतीय मजुरांची स्थिती याहून बिकट असते. ठेकेदार आरंभी उचल देतो, मध्यंतरी खर्चापुरते पैसे देतो आणि उरलेला हिशोब काम संपल्यावर करतो. म्हणजे मजुराची जी काही शिल्लक असते, ती ठेकेदाराच्या हाती असते. टाळेबंदीत काम अर्ध्यावर थांबले आणि पुष्कळांचा हिशोब तसाच राहिला.

अन्नाचीही हीच गत झाली. सरकारने एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवरील प्रत्येक माणसामागे दरमहा ५ किलो धान्य मोफत देऊ केले. परंतु मजुराची शिधापत्रिका गावी आणि मजूर शहरात. पत्रिका नसलेल्या सुमारे ८ कोटी स्थलांतरितांसाठी दोन महिन्यांच्या धान्याची घोषणा १४ मे रोजी झाली. तोवर सात आठवडे लोटले होते. देशात कोठेही शिधा मिळण्याची योजना ३१ जुलै २०२१ पर्यंत सर्व राज्यांनी अमलात आणावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास २९ जून २०२१ रोजी द्यावा लागला.

मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी देण्याची आज्ञा का आहे, हे येथे उमगते. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात ती आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनीही संध्याकाळीच मजुरी देतो. या दाखल्यातून आपण देवाच्या औदार्याविषयी शिकवतो, ते योग्यच आहे. तथापि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरास त्यात आधी हे ऐकू येते की, शेवटच्या तासापर्यंत उभी असलेली माणसे आळशी नव्हती. त्यांना कोणी कामावर घेतले नव्हते.

वाट का धरली?

मजुरी नाही, शिधा नाही आणि खोलीचे भाडे चढत आहे, अशा स्थितीत गावाकडे निघणे हा अविचार नव्हता. त्यांच्यापुढे तोच एक हिशोब उरला होता. धुळे, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर या मार्गाने जाणारा मुंबई-आग्रा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा आहे. मे महिन्यात सेंधव्याजवळ बिजासन घाटात, राज्याच्या सीमेवर, हजारो माणसे अडकून पडली होती. २ मे रोजी इंदूरजवळ सिमेंट-काँक्रीट कालवणाऱ्या वाहनाच्या पिंपात बसून चाललेली १८ माणसे पोलिसांना आढळली. ८ मेच्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातील होते.

श्रमिकांसाठी पहिली विशेष गाडी १ मे रोजी हैदराबादजवळील लिंगमपल्लीहून झारखंडातील हटियास गेली. त्याच आठवड्यात कर्नाटक सरकारने बांधकाम व्यावसायिकांशी चर्चा केल्यानंतर गाड्यांची आपली मागणी मागे घेतली. टीका झाल्यावर तो निर्णय फिरवावा लागला. मजुराचे श्रम हवे होते म्हणून त्यास थांबवू पाहिले. त्याची मागील मजुरी मात्र कोणी देववली नाही.

वेतनाचे काय झाले?

केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्च रोजी आदेश काढला की, बंदच्या काळातील वेतन मालकांनी कपात न करता द्यावे. मे महिन्याच्या मध्यास तो आदेश मागे घेण्यात आला. १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई न करता उभय पक्षांनी वाटाघाटी कराव्यात, असे सांगितले. परंतु वाटाघाटीस बसण्यासाठी कामगार जागेवर असावा लागतो आणि त्याचे नाव हजेरीपटावर असावे लागते. स्थलांतरित मजुरांची नोंद ठेवण्यासाठी १९७९ चा कायदा तेव्हा अमलात होता. त्याची अंमलबजावणी फार तोकडी होती. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की, सुमारे १ कोटी ४ लाख कामगार आपापल्या राज्यांत परतले. वाटेत किती मरण पावले याची माहिती मात्र उपलब्ध नाही.

न्याय अगदीच मिळाला नाही असे नव्हे. गुजरात सरकारने १७ एप्रिल रोजी कारखान्यांना बारा तासांचा दिवस करण्याची आणि जादा तासांची मजुरी दुप्पट न देण्याची मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द ठरवली आणि जादा कामाचा योग्य मोबदला देण्यास सांगितले. कामगार संघटना न्यायालयात गेली म्हणून हे घडले.

परतलेल्यांचा भार शेतीवर पडला. देशातील कामकऱ्यांपैकी शेतीवर असणाऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाले. रोजगार हमीच्या कामावर त्या वर्षी सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस भरले. तीच जमीन अधिक हातांत वाटली गेली, असाच याचा अर्थ होतो.

आपले कर्तव्य

त्या दिवसांत आम्हीही हमरस्त्यावर जेवणाच्या पुड्या वाटणाऱ्यांत होतो. एका मजुराने आम्हांस विचारले की, दोन महिन्यांचा हिशोब ठेकेदाराकडे राहिला आहे, फादर त्याला फोन करतील काय? आम्ही त्यास आणखी एक पुडी दिली. फोन केला नाही. त्याच सुमारास एका शाळेच्या व्यवस्थापन समितीत बसून, शाळा बंद असल्यामुळे सफाईच्या कंत्राटाचे बिल देय नाही, या ठरावास आम्ही संमती दिली. ठेकेदारास पैसे मिळाले नाहीत, म्हणून त्याने झाडलोट करणाऱ्या बायांना दिले नाहीत. आम्ही त्यांनाही शिध्याची पिशवी पाठविली. जे त्यांचे येणे होते ते आम्ही दान म्हणून दिले आणि तेही अपुरे.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात, उभयतांची संमती एवढ्यावरच वेतन न्याय्य ठरत नाही, असे शिकविले. ही शिकवण आपण सेमिनरीत अभ्यासली आहे. तिचा व्यवहार असा करता येईल. धर्मग्रामात बाहेरगावचे कोण मजूर राहतात, त्यांचा ठेकेदार कोण आणि हिशोब किती राहिला आहे, याची वही धर्मशिक्षकांनी ठेवावी. असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली आहे. ती करून घेण्यास आणि शिधापत्रिका येथे चालते की नाही हे पाहण्यास त्यांना साह्य करावे. आणि सर्वांत आधी आपल्या शाळा, वसतिगृहे व दवाखाने यांतील कंत्राटी माणसांचे २०२० चे हिशोब काढून पाहावेत. त्यांपैकी काही बाया आजही त्याच व्हरांड्यात झाडू मारीत असतील. त्यांचे येणे त्यांना विचारून घेता येईल.