येलहंक्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कॅलेथियाची जोपासना

बंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंका हे उपनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. येथील हवा वर्षाचा बराच काळ सौम्य असते, त्यामुळे नक्षीदार पानांचा कॅलेथिया घरात सहज रुजेल, असा समज होतो. मात्र फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हवा कोरडी पडते आणि या पानांच्या कडा करपू लागतात.

कॅलेथिया मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतील जंगलांचा, मोठ्या वृक्षांच्या दाट सावलीत वाढणारा. तो आरारूटच्या कुळातील आहे. त्याच्या अनेक जाती २०१२ मध्ये गोएपर्शिया या वंशात हलवण्यात आल्या. रोपवाटिकांत मात्र जुनेच नाव टिकून आहे. पानाच्या देठावर सांध्यासारखा फुगीर भाग असतो. त्यातील पेशींमधील पाण्याचा दाब बदलतो, तशी पाने रात्री उभी राहतात आणि सकाळी पसरतात.

कडा करपल्या की अधिक पाणी घालण्याकडे कल असतो आणि तेथेच बहुतेक रोपे दगावतात. दोष पुष्कळदा पाण्याच्या प्रमाणात नसून त्याच्या प्रतीत असतो. कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षार कुंडीत साचत जातात. त्यात माती सतत ओली राहिली तर मुळे कुजतात. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. नारळाचा भुसा मिसळलेली, निचरा होणारी माती आणि खिडकीतून येणारा, थेट ऊन नसलेला उजेड या रोपाला मानवतो. पानांवर फवारलेले पाणी काही मिनिटांत उडून जाते; त्यापेक्षा कुंड्या एकमेकींजवळ ठेवणे बरे. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी वाढतात, म्हणून ती बाजू ओल्या कापडाने पुसावी.

पाण्याचा प्रश्न केवळ कुंडीपुरता नाही. मार्च २०२४ मधील टंचाईत बंगळुरूच्या जलमंडळाने बागांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली व ५,००० रुपये दंड ठरवला. शहरात वर्षाला सरासरी ९०० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. छपरावरील हे मृदू पाणी कॅलेथियास सर्वांत मानवते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सरींचे पाणी झाकलेल्या पिंपात साठवल्यास दोन-चार कुंड्यांची उन्हाळ्यातील निकड बऱ्याच अंशी भागते. डासांसाठी झाकण घट्ट हवे.

करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. ती कात्रीने कापावी. सारी पाने गेली तरी मातीतील गड्डा टणक असेल, तर कुंडी टाकून देण्याची घाई करू नये. पावसाळी ओल्या हवेत त्यातून नवे, गुंडाळलेले पान वर येऊ शकते.