सातची रिक्षा आणि आदली रात्र
(लेखमाला ‘घर आणि शाळा’ : भाग पाचवा)

डिसेंबर २०२३मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुंबईतल्या एका कार्यक्रमात शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा, असं सुचवलं. मुलं रात्री उशिरा झोपतात, सकाळी लवकर उठवावी लागतात, झोप पुरी होत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. दोन महिन्यांत शालेय शिक्षण विभागाचं परिपत्रक निघालं. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. बसवाल्यांनी कुरकुर केली, दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांनी वर्गखोल्यांचं गणित पुढे केलं. लहान मुलांच्या अनेक आईवडिलांना मात्र हायसं वाटलं.

पाचवीपासून पुढच्या मुलांची सातची रिक्षा अजून बहुतेक ठिकाणी तशीच आहे. आणि ज्यांची शाळा खरोखर नऊची झाली, त्या घरांतही साडेआठला एक मोजा सापडत नाही, गणिताची वही पलंगाखाली असते, डायरीवर सही राहिलेली असते. शाळा पुढे सरकली तशी घाईही तिच्यामागोमाग सरकली. कारण या घाईचं मूळ सकाळी नसतंच. ते आदल्या संध्याकाळी सहा ते रात्री दहाच्या दरम्यान कुठेतरी असतं. मागच्या भागात अभ्यासाची जागा पाहिली. या वेळी हे चार तास.

सुरुवात शेवटाकडून, म्हणजे झोपण्यापासून करायला हवी. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या झोपतज्ज्ञ जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये ४०५ आया आणि त्यांची सात महिने ते तीन वर्षांची मुलं यांच्यावर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिला आठवडा सगळ्यांचा नेहमीसारखा गेला. पुढचे दोन आठवडे एका गटाने रोज रात्री त्याच क्रमाने त्याच गोष्टी केल्या : अंघोळ, अंगाला मालिश किंवा लोशन, मग अंगाईसारखं काहीतरी शांत, आणि अर्ध्या तासात दिवा बंद. दुसऱ्या गटाने आपलं नेहमीचंच चालू ठेवलं. क्रम पाळणाऱ्या घरांतल्या मुलांना झोप लवकर लागली, रात्री उठणं कमी झालं आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. या अभ्यासाला पैसा लहान मुलांची प्रसाधनं विकणाऱ्या कंपनीचा होता, तेव्हा लोशनचं कौतुक बाजूला ठेवलेलंच बरं. क्रमाचा मुद्दा मात्र पुढेही टिकला. २०१५मध्ये अनेक देशांतल्या दहा हजारांहून अधिक आयांच्या माहितीवरून मिंडेल यांनाच दिसलं, की आठवड्यातल्या जितक्या जास्त रात्री हा क्रम पाळला जातो, तितकी मुलाची झोप बरी असते.

म्हणजे मुलांना साडेसातला झोपवायचं का? अजिबात नाही. भारतासह सतरा ठिकाणी झालेल्या एका मोठ्या पाहणीत न्यूझीलंडमधली तान्ही आणि तीन वर्षांपर्यंतची मुलं सरासरी साडेसातच्या सुमारास झोपत होती, तर हाँगकाँगमधली दहा वाजून गेल्यावर. आपल्याकडे बदलापूरला किंवा विरारला राहणारा बाप लोकलमधून उतरून घरी पोचतो तेव्हा नऊ वाजलेले असतात आणि पोराला त्याला भेटायचं असतं. अशा घराने साडेनऊ ठरवावेत आणि रोज साडेनऊच ठेवावेत. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. साडेसहाला उठायचं असेल तर त्याहून उशीर परवडत नाही.

एक अडथळा प्रकाशाचा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या मोनिक लेबुर्जुआ यांनी २०१८मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग मांडला. मुलं फक्त दहा होती, पण निकाल डोळ्यांत भरणारा होता. झोपण्याआधी तासभर प्रखर उजेडात खेळलेल्या मुलांच्या शरीरात झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचं प्रमाण ८८ टक्क्यांच्या आसपास घटलं आणि दिवा मालवून पन्नास मिनिटं झाली तरी बहुतेकांत ते सावरलं नाही. त्यामुळे हॉलमध्ये मालिका चालू, ट्यूबलाइट लख्ख आणि ‘झोप की आता’ हा आग्रह, असं एकाच वेळी जमत नाही. जेवणं झाली की मोठे दिवे बंद करून एक छोटा लावायचा, एवढंच पुरतं. घर एका खोलीचं असेल तर मोठ्यांनाही टीव्ही थांबवावा लागतो. खरी तक्रार तिथेच असते.

आता या चार तासांचा क्रम कशाला बांधायचा? घड्याळाला बांधू नये. बहुतेक मुलांना घड्याळ दुसरी-तिसरीपर्यंत नीट वाचता येत नाही. ‘साडेआठला दप्तर भर’ हे वाक्य पहिलीतल्या मुलासाठी हवेतच राहतं. ‘जेवून हात धुतले की दप्तर’ हे त्याला कळतं. जुन्या मराठी घरांतली संध्याकाळ अशीच बांधलेली असे. दिवेलागण झाली की हातपाय धुणं, शुभंकरोती, परवचा, मग पाटपाणी आणि जेवण. एकातून दुसरं निघे. ‘अमुक झालं की तमुक करायचं’ अशा रीतीने ठरवलेली गोष्ट नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा पार पडते, हे पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं. अर्थात त्या जुन्या संध्याकाळींचे गोडवे फार गाऊ नयेत. तिथे पाढे म्हणून घ्यायला आजोबा किंवा आत्या मोकळ्या असत आणि आई त्या वेळी चुलीपुढे असे.

दप्तर हा या क्रमातला सगळ्यात वजनदार भाग, अक्षरशः. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं, असा शासननिर्णय महाराष्ट्राने जुलै २०१५मध्येच काढला. २०२०च्या केंद्रीय दप्तर धोरणानेही तीच मर्यादा मानली, पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो अशी आकडेवारी दिली आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नको, असंही सांगितलं. वीस किलोच्या मुलाने दोन किलो न्यायचे, त्यात एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो तिथेच गेला. शाळेत पिण्याचं स्वच्छ पाणी असेल तर अर्धीच बाटली भरावी. त्या धोरणाचाही आग्रह हाच आहे, की शाळेने पाण्याची सोय करावी म्हणजे मुलांना ते वाहावं लागणार नाही.

उरलेलं जादा वजन बहुधा भीतीचं असतं. उद्या कोणते तास आहेत हे पाहायला कुणाला वेळ नसतो, म्हणून सगळ्याच वह्या रोज जातात. वेळापत्रक कपाटाच्या दाराला आतून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवलं, तर पहिलीतलं मूलही आजचं बाहेर, उद्याचं आत करू शकतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी विषयाला रंग द्यावा आणि पुस्तकाच्या कव्हरला त्याच रंगाची चिकटपट्टी लावावी. सुरुवातीला मोठ्यांनी शेजारी बसायचं, हात मात्र लावायचा नाही. डायरीही त्याच वेळी उघडायची. ‘उद्या कार्डशीट आणणे’ ही ओळ रात्री नऊला सापडली तर कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान अजून उघडं असतं.

दप्तराइतकाच डबाही आदल्या दिवसाचा, कधीकधी आदल्याच्या आदल्या. सोमवारी मटकीची उसळ द्यायची तर मटकी शनिवारी रात्री भिजायला हवी, रविवारी सकाळी निथळून फडक्यात बांधायला हवी. थंडीत मोड सावकाश येतात, तेव्हा शुक्रवारीच भिजवलेली बरी. वारानुसार डबा एकदा ठरला, की ‘उद्या डब्याला काय?’ हा रात्री अकराचा प्रश्न सुटतो आणि भाजी कधी आणायची हेही आपोआप ठरतं. अनेक शाळा स्वतःच तसा तक्ता देतात. तो आवडो न आवडो, फ्रिजला लावून वापरून टाकावा. मुलाच्या वाट्याचं काम एकच : घरात पाऊल टाकलं की रिकामा डबा आणि बाटली सिंकमध्ये. शनिवारचा डबा सोमवारी पहाटे उघडावा लागलेल्या माणसाला हा नियम पटवून द्यावा लागत नाही.

हे सगळं मुलाच्या हाती सोपवायचं, तर वस्तू हाताला लागायला हव्यात. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. मुलांना स्वतः हलवता येतील अशा खुर्च्या, त्यांच्या हाताला येतील अशी कपाटं आणि धुणं, पुसणं, वाढणं अशी रोजची कामं हा त्यांच्या पद्धतीचा पाया झाला. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत ती पद्धत राबवलेल्या ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला आल्या. तिथल्या बालवाडीत शिकवण्याआधी हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं कापणं यांना स्थान होतं. महागडी साधनं नव्हती. शहरातल्या वन बीएचकेमध्येही दारामागे मुलाच्या खांद्याएवढ्या उंचीवर दोन खुंट्या ठोकता येतात. एकीवर दप्तर, दुसरीवर आयकार्ड आणि पावसाळ्यात रेनकोट. शाळेचे मोजे सगळे एकाच रंगाचे असतात, मग त्यांच्या जोड्या लावण्यात वेळ कशाला घालवायचा? एका डब्यात टाकावेत, मुलाने कोणतेही दोन उचलावेत.

या सगळ्याची आठवण कोण ठेवतं, हा प्रश्न जरा अडचणीचा आहे. २०२४च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. घरकाम करणारे पुरुष ८८. शनिवारी पांढरा गणवेश आहे, पालकसभा गुरुवारी आहे, मोजे फाटलेत, हे डोक्यात बाळगण्याची मिनिटं या आकड्यांतून वेगळी दिसत नाहीत. आईच्या तोंडून दर वेळी सूचना निघाल्याशिवाय जे हलत नाही, ते घराचं वेळापत्रक नव्हे, तिचं आहे. ती दोन दिवस माहेरी गेली की ते कळतं. म्हणून गोष्टी भिंतीवर लिहाव्यात आणि कामं अख्खी वाटावीत. ‘डबा बाबांचा’ याचा अर्थ त्यांनी सकाळी पोळी गुंडाळून देणं एवढाच नाही. काय करायचं हे ठरवणं, मटकी भिजवणं आणि भेंडी निवडून आणणंही त्यात आलं.

सवय बसायला किती दिवस लागतात? लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ प्रौढांवर केलेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला अठरा लागले तर कुणासाठी अंदाज २५४ वर गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. लग्नाला जाऊन मध्यरात्री परतलेल्या घराने दुसऱ्या दिवशी स्वतःला बोल लावत बसू नये. आणि चार गोष्टी एकदम सुरू करू नयेत. आधी दप्तर, ते रुळलं की डबा, मग दिवे.

मे महिन्यात हे सगळं मोडणारच. आजोळी कोण कुणाला साडेनऊला झोपवणार? परत येताना मात्र घाई नको. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भातल्या उन्हामुळे थोड्या नंतर. त्याआधीचे दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणली, तर साडेदहाला झोपणारं मूल पहिल्या दिवसापर्यंत साडेनऊवर येतं. त्याच सुमारास नवीन वेळापत्रक मिळतं. जुनं काढून कपाटाच्या दाराला ते लावायचं.