विश्लेषण : हॅरी पॉटर अनाथच का? त्याला धीर जादूने दिला की मित्रांनी?

जिन्याखालच्या कपाटात झोपणारा, मावसभावाचे जुने ढगळ कपडे वापरणारा, एकही मित्र नसलेला मुलगा. २६ जून १९९७ रोजी ‘हॅरी पॉटर’चा पहिला भाग ब्रिटनमध्ये आला, तेव्हा ब्लूम्सबरीने त्याच्या पुठ्ठाबांधणीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या. आज मालिकेच्या ६० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. मराठीत तो ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने वाचायला मिळतो. छडी आणि उडत्या झाडूंची चर्चा पुष्कळ झाली. गोष्ट मात्र एका पोरक्या मुलाला मिळालेल्या सोबतीची आहे.

नायकाला आई-वडील का नसतात?

एक कारण अगदी व्यवहाराचे. घरात आई-वडील असतील तर अकरा वर्षांच्या मुलाला मध्यरात्री तीन डोक्यांच्या कुत्र्यासमोर कोण जाऊ देईल? मोठ्यांना बाजूला केल्याशिवाय साहसकथा पुढे सरकत नाही. आपला फास्टर फेणे अनाथ नाही, पण भा. रा. भागवतांनी त्यालाही फुरसुंगीच्या घरातून पुण्याच्या शाळेत आणलेच!

जे. के. रोलिंग यांचे दुसरे कारण घरातले होते. लेखन सुरू केल्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी, डिसेंबर १९९० मध्ये, त्यांच्या आईचे ४५व्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिसने निधन झाले. आपण हॅरीवर लिहितोय, हे आईला सांगायचे राहूनच गेले. पुस्तकात मनातली इच्छा दाखवणारा एक आरसा आहे. त्यात हॅरीला आई-वडील दिसतात. भरल्या घरातल्या रॉनला मात्र दिसतो हातात चषक घेतलेला रॉन.

मग धीर येतो कुठून?

छडी हातात आली म्हणून हॅरी धीट होत नाही. शाळेच्या रेल्वेत तो भरपूर खाऊ घेतो आणि रॉनसोबत वाटून खातो. खिशात पैसे पहिल्यांदाच असतात आणि शेजारी बरोबरीचा मुलगाही. हर्मायनी दोघांनाही सुरुवातीला नकोशी असते. रॉनच्या बोलण्याने दुखावून ती स्वच्छतागृहात रडत बसते, तिथेच एक अजस्र ट्रोल शिरतो आणि ही दोन पोरे तिला वाचवायला धावतात. नंतर शिक्षक जाब विचारतात, तेव्हा नियमांची पक्की हर्मायनी चक्क खोटे बोलून दोष स्वतःवर घेते. तिथून तिघांची गट्टी जमते. शेवटच्या दालनात हॅरी एकटाच जातो, पण त्याआधी बुद्धिबळाच्या पटावर रॉनने स्वतःचा बळी दिलेला असतो आणि विषाच्या बाटल्यांचे कोडे हर्मायनीने सोडवलेले असते.

गोष्टीतला दुसरा अनाथ कोण?

खुद्द खलनायक व्होल्डेमॉर्ट! सहाव्या भागात अनाथाश्रमातला लहानगा टॉम रिडल भेटतो. जादूच्या शाळेचे बोलावणे घेऊन आलेले डम्बलडोर ‘खरेदीला सोबत येऊ का’ असे विचारतात. तो नको म्हणतो. हॅरी त्याच बाजारात हॅग्रिडचा हात धरून फिरतो आणि परतताना वाढदिवसाची भेट म्हणून घुबड घेऊन येतो.

पुस्तकाबाहेर काय?

पिंजऱ्यासारख्या पलंगात कोंडलेल्या चेक प्रजासत्ताकातील एका मुलाचे छायाचित्र रोलिंग यांनी २००४ मध्ये वर्तमानपत्रात पाहिले. त्यातून २००५ मध्ये सुरू झालेली संस्था आज ‘लुमोस’ म्हणून ओळखली जाते. छडीच्या टोकाशी उजेड पाडणाऱ्या मंत्राचे हे नाव. अनाथाश्रमांतील बहुतांश मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, त्यामुळे पैसा संस्थांऐवजी कुटुंबांना द्या, असे ‘लुमोस’चे म्हणणे आहे. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेची दिशाही अशीच. मूल संस्थेत न ठेवता कुटुंबात वाढावे, यासाठी दरमहा मदत दिली जाते.

तरीही एक प्रश्न उरतो. हॅरीलाही नातेवाइकांकडे, सख्ख्या मावशीकडेच ठेवले होते. त्या दहा वर्षांत कपाट उघडून बघायला कोणी अधिकारी फिरकल्याचे गोष्टीत कुठेच दिसत नाही.