अंडे रबरासारखे का होते? गॅस कधी बंद करायचा ते कळले की सोपे. घरच्या घरी करा हे ५ प्रकार

यवतमाळ : डझनभर अंडी घरात आहेत, पण मुलांना ती नको आहेत. 'वास येतो', 'आतला पिवळा कोरडा लागतो', 'चावतच नाही' ही त्यांची कारणे. बहुतेक वेळा दोष अंड्याचा नसतो, आचेचा असतो.

हा विषय फक्त चवीचा नाही. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला होता. अंडी न खाणाऱ्या मुलांसाठी केळीचा पर्याय होता. जानेवारी २०२५ मध्ये मात्र अंड्यांसाठी वेगळा निधी मिळणार नाही, ती द्यायची असतील तर लोकसहभागातून द्यावीत, असे शासनाने स्पष्ट केले. अंगणवाडीच्या वयाच्या मुलांसाठी आदिवासी क्षेत्रात डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. जिल्ह्यातील केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव तालुक्यांतील अनेक गावे या क्षेत्रात येतात. पण शाळेत जाणाऱ्या मुलाच्या ताटात अंडे येणार की नाही, हे आता बरेचसे घरच्या स्वयंपाकघरावर अवलंबून आहे.

अंडे नेमके किती तापमानाला शिजते?

पाणी १०० अंशांना उकळते. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने इथे ते दीड अंश आधीच उकळते. अंड्याला मात्र एवढ्या उष्णतेची गरजच नसते. पांढरा भाग सुमारे ६२ अंशांपासून घट्ट होऊ लागतो, तर पिवळा बलक ६५ ते ७० अंशांदरम्यान.

कच्च्या अंड्यातील प्रथिने गुंडाळलेल्या दोऱ्यासारखी असतात. उष्णतेने ती उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांची जाळी तयार होते. या जाळीत पाणी धरून ठेवलेले असते, म्हणून नीट शिजलेले अंडे मऊ लागते. आच वाढत गेली की जाळी आवळते, पाणी बाहेर पडते आणि उरते ते रबर. आता या हिशेबाने ५ प्रकार पाहू.

१. उकडलेले अंडे

आधी पाणी उकळा, मग चमच्याने अंडी अलगद सोडा आणि आच मंद करा. बलक थोडा ओलसर हवा असेल तर ७ मिनिटे, पूर्ण घट्ट हवा असेल तर १० मिनिटे. लगेच थंड पाण्यात टाका, नाहीतर आतल्या उष्णतेने ते शिजतच राहते.

फ्रिजमधली अंडी १० मिनिटे आधी बाहेर काढा, तडे कमी जातात. कुकर टाळा. शिटीच्या वेळी आतले तापमान १२० अंशांच्या आसपास जाते.

२. बुर्जी

कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो तेलात पूर्ण परतून घ्या. टोमॅटोचे पाणी आटले की मगच अंडी फोडा. मंद आचेवर हलवत राहा. ओलसर चमक जाताच गॅस बंद करा, उरलेले काम गरम कढई करते. सोबत ज्वारीची भाकर असेल तर आणखी काही लागत नाही.

३. पोळी-आमलेट

डब्यासाठी सर्वांत सोपे. दोन अंडी, मीठ, हळद, कोथिंबीर फेटून तव्यावर पसरा. वरचा भाग ओला असतानाच त्यावर पोळी ठेवून हलके दाबा. एक मिनिटाने उलटा आणि गुंडाळी करा. पोळी आमलेटला चिकटलेली असते, त्यामुळे डब्यात सुटत नाही.

४. फोडून सोडलेल्या अंड्यांचा रस्सा

सुके खोबरे, कांदा, लसूण भाजून वाटा. तेल सुटेपर्यंत परता, तिखट-मीठ आणि गरम पाणी घाला. रस्सा उकळला की आच मंद करा आणि अंडी थेट त्यात फोडा. झाकण ठेवून ६ मिनिटे हात लावू नका. अंडी उकडणे नाही, सोलणे नाही आणि मसाला पांढऱ्या भागाला चांगला लागतो.

५. आप्पेपात्रातली अंडी

मुलांना सोबत घेऊन करण्यासारखा प्रकार. फेटलेल्या अंड्यात बारीक चिरलेला कांदा आणि किसलेले गाजर घाला. तेल लावलेल्या खळग्यांत चमच्याने मिश्रण सोडा. झाकून ३ मिनिटे, उलटून १ मिनिट. छोटे गोळे मुले हाताने उचलून खातात.

नेहमीचे प्रश्न

*बलकाभोवती हिरवट कडे का येते?* जास्त वेळ उकळल्याने पांढऱ्या भागातील गंधक बलकातील लोहाशी संयोग पावते. खायला अपाय नाही, पण नको असलेला वास त्यातूनच येतो.

*साल निघत नाही?* अंडे अगदी ताजे असेल तर असे होते. उकडण्यासाठी आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेले अंडे चांगले.

*ताजे कसे ओळखायचे?* भांडेभर पाण्यात सोडा. तळाशी आडवे पडले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर वापरू नका.

*दुधात कच्चे अंडे घालून पिणे चांगले का?* उलट तोटाच आहे. शिजलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने शरीराला मिळतात, कच्च्यातील जेमतेम निम्मी. शिवाय साल्मोनेला जंतूंचा धोका राहतो. लहान मुले, गर्भवती आणि वृद्धांना बलक पूर्ण घट्ट झालेलेच अंडे द्या.

*उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी?* मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४ अंशांच्या घरात जातो. अंडी फ्रिजमध्येच ठेवा. आणल्या आणल्या धुऊ नका, सालीवरचा नैसर्गिक थर निघून जातो. वापरायच्या आधी धुवा. अशा दिवसांत शाळेच्या डब्यात अंडे देण्यापेक्षा ते सकाळच्या नाश्त्यालाच द्या.

एका मध्यम आकाराच्या अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. ब-१२ आणि अ जीवनसत्त्व मिळते ते वेगळेच. सुरुवात आप्पेपात्रापासून करा. अंड्याला नाही म्हणणारे मूल बहुतेक वेळा तिथे हो म्हणते.