‘स्टार माझा’चे ‘एबीपी माझा’ का झाले?

1 जून 2012 रोजी वाडी-नागपूरपासून मुंबईपर्यंत घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या ‘स्टार माझा’ या वृत्तवाहिनीचे नाव बदलून ‘एबीपी माझा’ झाले. संपादक राजीव खांडेकर तेच, बातम्या सांगणारे ओळखीचे चेहरेही तेच. मग वाहिनी विकली गेली का, असा प्रश्न प्रेक्षकांना पडणे साहजिक होते.

उत्तर मालकीच्या वाटणीत आहे. 2007 मध्ये वाहिनी सुरू झाली तेव्हा नाव रुपर्ट मरडॉक यांच्या स्टार समूहाचे होते, पण मोठा वाटा त्यांचा नव्हता. भारतातून प्रसारण करणाऱ्या वृत्तवाहिनीत परदेशी गुंतवणूक 26 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, असा नियम सरकारने 2003 मध्ये केला होता. त्यामुळे 74 टक्के हिस्सा कोलकात्याच्या एबीपी, म्हणजे ‘आनंदबाजार पत्रिका’ समूहाकडे होता. हिंदी ‘स्टार न्यूज’ आणि बंगाली ‘स्टार आनंद’ याही याच संयुक्त कंपनीच्या वाहिन्या.

2012 मध्ये ही भागीदारी संपली. स्टारने आपले नाव परत घेतले आणि तिन्ही वाहिन्यांवर एबीपीचे नाव आले. म्हणजे मोठा मालक आधीपासून एबीपीच होता. तो पडद्यावर दिसू लागला एवढेच.

2015 मध्ये ही मर्यादा 49 टक्के झाली. तरीही निम्म्याहून अधिक मालकी भारतीयांकडेच राहते. म्हणूनच बातमीमागे कोण आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर लोगोपेक्षा हिस्सेदारी पाहावी.