ओटा कुणाच्या मापाचा?

घर बांधताना : लेखांक ६

येरमाळ्यात किंवा आसपासच्या कुठल्याही गावात नव्या घराचं काम चालू असलं की एक प्रसंग ठरलेला असतो. स्लॅब पडलेला असतो, भिंतींना गिलावा झालेला असतो आणि मिस्त्री विचारतो, "दादा, ओटा किती घ्यायचा?" दादा म्हणतात, "नेहमीसारखाच घ्या की." नेहमीसारखा म्हणजे चौतीस इंच, नाहीतर मागच्या घराला घेतला तेवढा. जिला पुढची तीस वर्षं त्या ओट्याशी उभं राहायचं आहे ती त्याच वेळी मिस्त्रीला चहा द्यायला आलेली असते. तिला कुणी विचारत नाही.

मागच्या आठवड्यात आपण स्वयंपाकघराची जागा ठरवली. आज ओट्याचं बोलू. रंग, ट्रॉल्या, टाइल्स हे सगळं नंतर बदलता येतं. ओटा एकदा बसला की बसला. म्हणून या लेखमालेत मी सगळ्यात जास्त आग्रह याच एका गोष्टीचा धरणार आहे.

बसण्यापासून उभं राहण्यापर्यंत

आपल्याकडे बाई उभी राहून स्वयंपाक करू लागली त्याला फार काळ झालेला नाही. माळवदाच्या घरात चूल जमिनीवर, शेजारी वैल, समोर काटवट, हाताशी पाण्याची कळशी आणि बसायला पाट. भाकरी थापताना खांद्याचं बळ सरळ खाली उतरायचं. धूर डोळ्यांत जायचा, कंबर आणि गुडघे धरायचे, त्यामुळे ते दिवस फार चांगले होते असं मी म्हणणार नाही. पण बसलेल्या बाईच्या हाताला लागेल अशा अंतरावर सगळं मांडलेलं असायचं, हे मात्र खरं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं हजारोंच्या जिवावर उठलं. लातूर आणि आपल्या जिल्ह्यात त्यानंतर माळवदावरचा माणसांचा भरवसा उडाला आणि सिमेंटच्या घरांकडे ओढा वाढला. स्लॅबच्या घराबरोबर ओटा आला, गॅस आला आणि बाई उभी राहिली. उभं राहायचं म्हणजे किती उंचीवर, हा प्रश्न मात्र त्या घाईत मागेच राहिला.

जगात हा प्रश्न फार आधी विचारला गेला होता. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी हजारो घरं बांधली जात होती. त्यांच्या स्वयंपाकघराचा आराखडा मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी केला. खोली फक्त १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फूट. बाईला एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना किती पावलं पडतात, किती वेळ जातो, याचा हिशेब करून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे सापडतं. त्या इवल्याशा खोलीत खिडकीखाली कामाचं टेबल होतं आणि टेबलापाशी फिरतं स्टूल होतं. चिरणं, निवडणं बसून व्हावं म्हणून. मॉड्युलर किचन आपल्यापर्यंत पोचलं, पण ते स्टूल वाटेतच कुठेतरी राहून गेलं.

कोपराचं माप

ओट्याची उंची बाईच्या कोपरावरून ठरते. रोज पायात घालते ती चप्पल घालून, नाहीतर अनवाणी, जशी सवय असेल तसं तिला सरळ उभं करा. हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा. जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. आलेला आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

चिरणं-निवडणं यासाठी ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा. भाकरी थापणं, कणीक तिंबणं ही जोर लावायची कामं. त्यांना आणखी खाली, सहा ते आठ इंच. भारतातल्या बाईची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट. तिचा कोपर साधारण अडतीस इंचांवर येतो. चिरायला तिला तेहतीस इंच ठीक. भाकरीला तीस ते बत्तीस, आणि त्यातही परातीचा काठ वर येतो हे लक्षात ठेवायचं. आता छत्तीस इंचांचा ओटा डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेत हेच प्रमाण माप आहे आणि चकचकीत फोटोंमधून तेच आपल्याकडे येतं. पाच फुटांची बाई त्यावर भाकरी थापते तेव्हा तिचे खांदे कानाकडे चढतात. संध्याकाळी मान आणि खांदा का दुखतो, याचं उत्तर पुष्कळदा औषधाच्या दुकानात नसतं, ओट्यात असतं.

शेगडीचा हिशेब वेगळा. ओट्यावर शेगडी चार इंच, तिच्यावर पातेलं पाच-सहा इंच. तेहतीस इंचांच्या ओट्यावर पातेल्याचा काठ कोपराच्याही वर जातो. मग ढवळताना हात उचलून धरावा लागतो आणि वाफ तोंडावर येते. यावर सोपा उपाय म्हणजे शेगडीपुरता ओटा चार इंच खाली घेणं. मिस्त्रीला ही पायरी अवघड नाही, फक्त ओटा घालण्याच्या आधी सांगावी लागते. सिंकचं याच्या उलट. भांडी तळाशी घासायची असतात, म्हणून सिंकचा काठ इंचभर वर असला तरी कंबर वाकत नाही.

सासू आणि सून दोघी स्वयंपाक करत असतील आणि उंचीत फरक असेल तर? जिचा जास्त वेळ तिथे जातो तिच्या मापाने घ्या, आणि शंका असेल तर ओटा खालीच ठेवा. उंच बाईला ओट्यावर लाकडी पाट ठेवून चिरता येतं. बुटक्या बाईने पाटावर उभं राहून उकळत्या पातेल्याशी काम करणं धोक्याचं. ओट्यावर चढवता येतं, ओटा खाली नेता येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. ट्रॉलीच्या तळाशी तीन-चार इंच खोल खाच सोडा. पायाची बोटं आत गेली की बाई ओट्याला लागून उभी राहते. नाहीतर ती दिवसभर पुढे झुकून काम करते.

हे सगळं इतकं बारकाईने का? २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो, असं त्यात दिसलं. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषाची मिनिटं होती ९७. रोज पाच तासांच्या कामासाठी टेप लावायला पाच मिनिटं द्यायला काय हरकत आहे?

दगड कोणता घ्यायचा?

चैत्री यात्रेत येडेश्वरीची पालखी डोंगरावरून आमराईकडे येते आणि लाखो भाविक चुनखडीचे खडे वेचून अर्पण करतात. चुनखडीशी आपल्या गावाचं नातं असं जुनं आहे. शेताच्या बांधावरचा चुनखडीचा एखादा खडा घेऊन त्यावर लिंबू पिळून पाहा. बारीक फेस येईल. चुनखडीत कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि आंबट रस ते खातो.

शहाबादी फरशी हा याच जातीचा दगड. ती शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून येते. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचं नाव लावणारा काळा कडाप्पाही त्याच कुळातला. स्वस्त, थंड, मजबूत, पण ओट्यावर चिंचेचा कोळ सांडला, लिंबू पडलं की पांढरा डाग उमटतो आणि तो पुसून जात नाही, कारण तिथला दगडच झिजलेला असतो. म्हणून कडाप्पा ओट्याखालच्या कप्प्यांना आणि मांडणीला घ्या. तिथे त्याला तोड नाही.

ग्रॅनाइटची घडण वेगळी. त्यावर लिंबाचा असर होत नाही आणि गरम तवा टेकवला तरी सहसा काही बिघडत नाही. ज्या घरात रोज दहा-पंधरा भाकऱ्या होतात त्या घराला ग्रॅनाइटच धार्जिणा.

सध्या शहरांतल्या नव्या घरांत क्वार्ट्झचा ओटा दिसतो. पांढराशुभ्र, एकसारखा, डाग न धरणारा. हा कारखान्यात केलेला दगड. नव्वद टक्क्यांच्या वर गारगोटीचा चुरा आणि बाकी रेझिन. हे रेझिन म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. साधारण दीडशे अंशांपुढे ते टिकत नाही आणि भाकरीचा तवा त्याहून बराच तापतो. चुलीवरून उतरलेला तवा एकदा टेकवला तर पिवळा डाग कायमचा. शहरातल्या चहा-ब्रेडच्या ओट्याला चालेल, आपल्याला नाही.

क्वार्ट्झबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. हा दगड कोरडा कापला की सिलिकाची बारीक धूळ उडते आणि कापणाऱ्याच्या फुप्फुसात बसते. त्यातून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तरुण कामगारांना हा आजार होऊ लागला तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतो, प्रमाण कमी. म्हणून तुमच्या अंगणात फरशीवाला ग्रॅनाइट कापायला बसला की त्याला पाणी सोडून कापायला सांगा आणि चांगला मास्क आणून द्या. आपला ओटा दुसऱ्याच्या छातीवर बसता कामा नये.

बोअरचं पाणी आणि काळा रंग

गेल्या काही वर्षांत काळ्या, मॅट रंगाची लाट आहे. काळं सिंक, काळा नळ, काळी ट्रॉली. फोटोत फार देखणं दिसतं. पण आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक जड. थेंब सुकला की पांढरा ठिपका राहतो. हंड्याच्या आत जमतो तोच क्षार. काळ्या नळावर तो दुरून दिसतो आणि घासून काढायला गेलं की नळाचा रंगही जातो. इथे साधं स्टीलच बरं. स्टील घेताना ३०४ ग्रेड मागा. त्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. २०२ ग्रेडमध्ये निकेल कमी असतं, ते ओलाव्यात लवकर गंजतं. दोन्हीला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून फरक कळत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. आणि सिंक घेण्याआधी घरातली मोठी परात दुकानात घेऊन जा. ती आडवी मावली तर सिंक आपलं.

ट्रॉलीच्या पेट्यांचंही तेच. एमडीएफ पाणी लागलं की फुगतो. सिंकखाली तर तो घेऊच नका. प्लायवूड घेत असाल तर त्यावर आयएस ७१० हा शिक्का पाहा. तो पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा आहे. भिंतीवरची कपाटं खिळ्यांवर टांगू नका, भिंतीत बोल्ट घालून आवळा. किल्लारी आपल्याला फार लांब नाही.

काचेचा बिल्ट-इन हॉब घ्यावा का, असंही बरेच जण विचारतात. तो ओट्यात बसतो, त्यामुळे पातेलं खाली येतं आणि पुसायला सोपा. पण येळवशीचा विचार करा. वेळ अमावस्येच्या आदल्या रात्री भज्जीचं पातेलं, आंबिलाचं भांडं, उंड्यांची रास, आणि दुसऱ्या दिवशी शेतात जेवायला येणारं अख्खं गणगोत. तेवढं ओझं काचेवर ठेवायला जीव धजावत नाही. रोजच्या कामाला ओट्यावरची जाड स्टीलची शेगडी आणि मोठ्या कामाला परसातली चूल, हीच जोडी मला पटते.

शहरांत आता दोन स्वयंपाकघरांची कल्पना आली आहे. एक दिसायला, चहा-नाश्त्याला, आणि दुसरं मागे, तळण-भाजणाला. त्यासाठी लोक वेगळे पैसे मोजतात. आपल्याकडे परसदारी पत्र्याखाली चूल कधीचीच आहे. नवं घर बांधताना ती मोडू नका. तिच्याशेजारी एक नळ, भांडी घासायला कट्टा आणि भाकरी थापायला अठरा इंचांचा बैठा ओटा करून घ्या. आजी बसून थापील आणि यात्रेला पाहुणे आले की घर दम टाकील.

या आठवड्याचं काम

घराचं काम चालू असेल तर उद्याच टेप घ्या. घरातल्या प्रत्येक बाईच्या कोपराचं माप काढा, आणि पुरुषांचंही काढा, कारण त्यांनीही ओट्याशी उभं राहायला हवं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलने नाव आणि आकडा लिहा. त्याच्या खाली तीन खुणा करा : चिरण्याची, थापण्याची, शेगडीची. मिस्त्री येऊन "ओटा किती घ्यायचा?" असं विचारील तेव्हा त्याला त्या भिंतीपाशी न्या. उत्तर तिने द्यावं, जिचं नाव तिथे लिहिलेलं आहे.

पुढच्या आठवड्यात : धूर, चिमणी आणि खिडकी. वीज गेल्यावरही हवा खेळती राहील असं स्वयंपाकघर.