पत्रमैत्री आणि सजविलेले पाकीट

वसतिगृहात टपाल आले की आपल्या नावाचा पुकारा व्हावा, असे प्रत्येक मुलाला वाटते. ज्याच्या घरी लिहिता येणारे कोणी नाही, त्याचे नाव क्वचितच पुकारले जाते. म्हणून आम्हा शिक्षकांना पत्रमैत्री मोलाची वाटते. कधीही न पाहिलेला मित्र स्वहस्ते लिहितो, पाकिटावर आपली नदी, आपले शेत रंगवितो. तेव्हा पाकीट उघडण्यापूर्वीच कळते, की कोणीतरी आपल्यासाठी वेळ दिला आहे.

सजावटीलाही शिस्त हवी. उजवा वरचा कोपरा तिकिटासाठी, त्याखालील जागा पत्त्यासाठी मोकळी ठेवावी. चित्र डावीकडे वा मागे काढावे. १५ ऑगस्ट १९७२ पासून रूढ झालेल्या सहा अंकी पिनकोडातील पहिला अंक टपाल विभाग दर्शवितो, महाराष्ट्रासाठी तो ४ आहे. शेवटचे तीन अंक वितरण करणारे टपाल कार्यालय दर्शवितात. एक अंक चुकला, तर वाट पाहणारे मूल ताटकळते.

माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती: या वर्षी येथील एका मुलाला एक पत्र लिहा. पाकिटावर त्याचे नाव ठळक अक्षरांत लिहा.